उलटा टाकलेला फ्लेक्स

आज कर्जतच्या चौकात नवा फ्लेक्स लावत होते. कुणाच्या तरी मुलीचा पुण्याच्या मोठ्या कॉलेजात नंबर लागलाय. तापलेल्या फ्लेक्सचा तो रबरी, उग्र वास नाकात गेला आणि माझी मान आपोआप खाली गेली.

माझाही असाच फ्लेक्स लागला होता. चुलत्यांनी हौसेनं लावलेला, त्यावर टाय लावलेला माझा फोटो आणि माझ्या नावापेक्षा कॉलेजचं नाव मोठं. "एवढं नावाजलेलं कॉलेज, नोकरी घरी चालत येईल," असं ते भेटेल त्याला सांगायचे. चार वर्षांनी घरी चालत आलो तो मीच, नोकरीशिवाय.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी अवकाळीचं आभाळ भरून आलं. रानात कांद्याचा ढीग उघडाच होता. आईनं घरातून एक गुंडाळी आणली आणि आम्ही दोघांनी ती ढिगावर उलगडली. टाय लावून हसणारा मी कांद्यावर पसरलो. आजूबाजूला सगळे आपापले कांदे झाकत होते आणि बघतही होते.

"उलटा टाक त्यो," आई म्हणाली.

मला वाटलं, तिलाही माझी लाज वाटतेय.

"उन्हापावसानं तोंडाचा रंग उडंल तुज्या. नोकरी लागली की परत लावायचाय."

पुढं नागापूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. मशीन चालवता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. कॉलेजचं नावही विचारलं नाही. त्या संध्याकाळी आईनं फ्लेक्स धुऊन अंगणात वाळत घातला. त्यावर अजून कॉलेजचंच नाव मोठं होतं; मी तिच्यादेखत तो पुन्हा गुंडाळून ठेवला.