बारदान वजा

वसमतच्या हळद बाजारातला तो मापाडी, पोतं काट्यावर चढलं की आकडा गाऊन सांगतो आणि शेवटी आरोळी ठोकतो, "बारदान वजाऽऽ!" म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन कमी धरा. पोट असं सुटलेलं की काटा वाचायला वाकावं लागतं. पण तो स्वतः काट्यावर चढलेला मी कधी पाहिला नव्हता.

परवा दवाखान्याच्या नर्सताई बाजारात आल्या. किती मोठ्या माणसांना वजन उतरवायचे उपचार लागतील, ते त्यांना मोजायचं होतं. त्यांचा काटा ऐनवेळी बंद पडला, तर मापाड्यानं हळदीचाच काटा पुढं केला. "या, समदे या!"

काय झुंबड उडाली! अडते, हमाल, शेतकरी, सगळे चपला काढून रांगेत. माझी पाळी आली, त्यानं आकडा गायला आणि ताई म्हणाल्या, "तुमी थोडक्यात सुटले." मी तर नाचायचाच बाकी होतो.

तेवढ्यात त्याची सवयीची 'बारदान वजाऽऽ!' ऐकून ताईंनी कान टवकारले. "दादा, तुमी वजा काय करून राहिले?"

"बारदान! अंगावरचे कपडे. पोत्याला करतो तसं, किलोभर."

सगळा बाजार पोट धरून हसला. पुन्हा रांग, पुन्हा आकडे, आणि मी उपचारवाल्यांत.

शेवटी हात झटकून मापाडी स्वतःच चढला. आकडा थांबला, पण त्यानं तो गायला नाही. हमाल एका सुरात ओरडले, "बारदान वजाऽऽ!"

त्यानं मान हलवली.

"न्हाई रे. हे समदं माझंच हाय. लिहा, ताई."