टिंब उठत नाही

माझं ब्रेलर मशीन बिघडलं तेव्हा घरात कुणाला पत्ताही लागला नाही. खटखट थांबली म्हणून वहिनीला उलट बरंच वाटलं असावं. टाइपरायटरच्या नात्यातलं हे यंत्र, पण अक्षरांची बटणं सहाच. बटण दाबलं की आतला खिळा जाड कागदाला मागून ढुशी देतो आणि कागदावर बोटाला लागेल असं टिंब उठतं. त्या सहा टिंबांच्या जुळवाजुळवीत आमची सगळी बाराखडी. मी शिकले त्या अंधशाळेने ते जुनं झालं म्हणून काढलं आणि मी लाज सोडून मागून घेतलं. आजवर दुसरं काही मी इतक्या हावरेपणाने मागितलेलं नाही.

मी भावाच्या घरी राहते, कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढे. जन्मापासून दिसत नाही, लग्न झालं नाही. दोन वेळचं जेवण मिळतं, कुणी हात उगारत नाही, आणि बाहेरच्यांच्या मते एवढं मिळालं की बाईने तोंड मिटून सुखात असावं. मीही तोंड मिटूनच असते. जे बोलता येत नाही ते मशीनवर लिहायचे. कुणी काय बोललं, मला काय लागलं, कुणाचा किती राग आला, सगळं. कागद उघडे टाकले तरी चालत. डोळसांच्या घरात माझं लिहिलेलं मला एकटीला वाचता यायचं. आंधळेपणाचा मला झालेला हा एकमेव फायदा, आणि तो मी मनसोक्त घेतला.

मग तिसरं टिंब पुसट येऊ लागलं. तिसरं गेलं की ‘ल’चा ‘ब’ होतो आणि ‘र’चा ‘ह’. माझंच लिहिलेलं मला बोबडं वाटायला लागलं. तरी काही दिवस अंदाजाने वाचलं. पाटी आणि टोचणीनेही ब्रेल लिहिता येतं, पण माझ्या अंगठ्यात संधिवात आहे, चार ओळींत हात बधिर होतो.

मुंबईला फोन केला. समोरच्या मुलीने मशीनचं वय विचारलं आणि हसून म्हणाली, याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. नव्या मशीनच्या पैशांत आमच्याकडे चालू स्थितीतली मोटरसायकल येते. ‘नवीन घ्या’ म्हणायला लोकांना काहीच पडत नाही.

त्याच सुमारास कर्जतला अंधांना साहित्यवाटपाचा कार्यक्रम होता. मी गेले. काठ्या वाटल्या, समोरचं बोलून सांगणारे चष्मे वाटले. माझी पाळी आल्यावर मी विचारलं, “साहेब, जुन्या वस्तूंची दुरुस्ती कुठे होते?” साहेबांनी माईकमध्ये सांगितलं, “ताईंना एक काठी द्या.” टाळ्या झाल्या. माझ्या एका हातात माझी काठी होतीच, दुसऱ्या हातात ही आली, आणि कुणीतरी हनुवटी धरून माझं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं. मला त्या माणसाचं बोट चावावंसं वाटलं. दुरुस्तीचा फोटो निघत नाही, वाटपाचा निघतो, एवढाच सगळा हिशेब आहे.

वाटपातल्या त्या घडीच्या काठ्यांचं आतलं इलॅस्टिक पावसाळाभरसुद्धा टिकत नाही. ते सैल पडलं की काठीची हाडं खिळखिळी होतात. त्या मात्र मी स्वतः नीट करते. कशेळ्याच्या बाजारात शिवणकामाचं इलॅस्टिक मिळतं. दोऱ्याला एक नट बांधून नळीत सोडायचा, खाली आला की मागून इलॅस्टिक ओढून घ्यायचं आणि ताण देऊन गाठ मारायची. आसपासच्या आंधळ्यांच्या काठ्या माझ्याकडे येतात आणि चहाच्या पैशांत धड होऊन जातात. पण मशीनच्या पोटातला खिळा माझ्या हातचा नव्हता.

दादाच म्हणाला, “खोपोलीत आपला लेथवाला हाय. कारखान्यातली लोखंड कातायची कामं करतो. मी नेतो, तू नको काळजी करू.” मी त्याला समजावून सांगितलं: तिसरा खिळा झिजलाय, टिंब नीट उठत नाही, तेवढा एक बदलून हवा. दादा “हां, हां” म्हणाला. मशीन पोत्यात बांधून त्याने गाडीला लावलं. मी गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकत उभी राहिले.

इथे आमच्या घरातला एक शब्द सांगायला हवा. माझ्या लिहिण्याला घरात ‘भोकं’ म्हणतात. “बाय काय करते?” “बसलीय भोकं पाडीत.” लहानपणापासून हेच. मीही कधी मनावर घेतलं नाही. चिडवण्याचा शब्द आहे, असं मी समजत होते.

मशीन परत आलं ते तेलपाणी होऊन. बटणं लोण्यासारखी चालत होती. ओळ संपताना वाजणारी घंटी किती वर्षांनी स्वच्छ वाजली! मी कागद लावला, हाताला येईल ते लिहिलं आणि बोट फिरवलं. टिंब नव्हतं. कागद फाटला होता. प्रत्येक अक्षराच्या जागी कुसळांसारख्या कडा बोटाला टोचत होत्या, आणि टिंबं जवळ आली तिथे मधला कागदच निघून आला होता.

दादाने कागद माझ्या हातातून घेतला. “बघ गं बाय, कसा आरपार उजेड दिसतोय! सगळे खिळे बोथट झालेले. म्हनलं, एकाला कशाला, साही घास. आता कसं, एकदम भोक!”

लेथवाल्याला मी फोन केला. बिचारा गडबडून गेला. “ताई, दादांनी सांगितलं भोक पडत नाय, म्हनून मी टोक काढलं.” पुन्हा गोल करा म्हटलं, तर घासून खिळे आखूड झाले होते, आणखी घासले तर कागदापर्यंत पोचणारच नाहीत. नवे करायला माप हवं, आणि मापाला एकही धड खिळा उरला नव्हता. पैसे त्याने घेतलेच नव्हते, आंधळ्या ताईचं काम म्हणून. फुकटात झालेल्या कामावर ओरडायचीही सोय नसते.

मशीन गेल्याचं दुःख आहेच. पण दादाने चिडवलं नव्हतं कधी, हे जास्त लागलं. त्याला खरंच भोकं वाटत होती. एका घरात जन्म काढला, माझे कागद त्याच्या पायात येत, चुलीत जात, वहिनी त्यावर पापड वाळवी. इतक्या वर्षांत त्याने एकदाही त्यावर बोट ठेवून पाहिलं नाही.

आता सगळे म्हणतात, मोबाईलला सांग की, तो लिहितो. लिहितो, खरं आहे. पण सांगायचं म्हणजे मोठ्याने बोलायचं, आणि लिहिलेलं घरात कुणीही वाचू शकतं. माझ्या फोनचं कुलूप उघडायचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. हेसुद्धा मी कर्जतला मैत्रिणीकडे आले आहे म्हणून मोबाईलला सांगते आहे, आणि तीही शेजारीच बसली आहे.

मागच्या आठवड्यात दादा शेतावर होता आणि वहिनी बाजाराला गेली होती. मी खोलीचं दार लावलं, मोबाईल तोंडाशी धरला आणि किती दिवस घशाशी अडकलेलं एक वाक्य सांगून टाकलं. ते दादाबद्दल होतं. दुसरं वाक्य अर्ध्यावर असताना मागच्या पडवीतून आवाज आला, “वन्सं, कोनाशी बोलताय?” तिला येताना जीप लगेच मिळाली होती.

घाबरून मी होतं नव्हतं ते पुसलं. “काय नाय गं वहिनी. कोनाशी नाय. आपलं असंच.”

ती चहा ठेवायला गेली. सगळं पुसलं गेलं ना, म्हणून मी फोन कानाला लावून त्याला वाचायला लावलं. पुसल्यावरही फोन ऐकतच राहिला होता. त्यातल्या बाईने सपाट आवाजात, माझी भाषा शुद्ध करून, वाचून दाखवलं, “काही नाही गं वहिनी. कोणाशी नाही. आपलं असंच.”