भुऱ्याला आधी विचारा

आलापल्लीतल्या माझ्या घरमालकांनी नातीच्या येण्याची जेवढी तयारी केली, तेवढी जगातल्या कुठल्याच आजोबांनी केली नसेल. नात दोन वर्षांची, पुण्यात राहणारी; आणि घरात भुऱ्या नावाचा कुत्रा. घरमालकांना सगळं गाव भाऊ म्हणे. त्यांचं आयुष्य लाकूड कापायच्या आरामशीनवर गेलेलं, बायको चार वर्षांपूर्वी वारलेली, दिवसभरात बोलायला एक भुऱ्या आणि दुसरा मी, भाडेकरू मास्तर. भाऊंनी ओसरीचा कोपरा फळ्या ठोकून भुऱ्यासाठी राखून ठेवला. तो जेवत असेल तर जवळ जायचं नाही, झोपला असेल तर हात लावायचा नाही, आणि लेकराला त्याच्यापाशी एकटं सोडायचं नाही, घडीभरही नाही. नियम नातीसाठी, सराव मात्र आमच्यावर. पोस्टमननं सहज भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर भाऊ ओरडले, "पहिले त्याले इचारा! हात हुंगू द्या. त्याले नको असन तर लाड काऊन करता?" एका रविवारी मला म्हणाले, "मास्तर, जरा दोन वर्साची पोरगी व्हा." पन्नाशीचा मी अंगणात किंचाळत दुडूदुडू धावलो. भुऱ्यानं मला एकदा निरखलं आणि कोपऱ्यात जाऊन झोपला. "पास झाला!" भाऊ म्हणाले. समोरच्या बाईंनी मात्र त्या दिवसापासून मला नमस्कार करणं सोडलं.

उन्हाळ्यात नात आईबापांसोबत आली. तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या दिवशी भुऱ्या जेवत असताना फाटकातून कुणीतरी हाक मारली, म्हणून भाऊ चार पावलं पुढे गेले. तेवढ्यात पोरीनं फळीखालून शिरून ताटलीत हात घातला. भुऱ्या गुरगुरला. भाऊंनी धावत येऊन तिला उचललं. अंगावर ओरखडाही नव्हता. भाऊंच्या मुलानं भुऱ्यावर काठी उगारली, तसे भाऊ आडवे आले.

"मारू नको त्याले. त्यानं सांगतलं न बापा, चावला नाई! आज मारशीन, तर पुढच्या वेळी सांगणार नाई. चूक माही हाय. मीच तिले सोडून गेलो."

मुलानं काठी टाकली, पण दुसऱ्या सकाळी गाडी काढली. "बाबा, कुत्रा असेल तर आम्ही येणार नाही."

महिनाभर भाऊ कुणाशी धड बोलले नाहीत. मग भुऱ्याला कोरपन्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे सोडून आले. दिवाळीला नात आली, दोन दिवस राहिली, आणि दोन्ही दिवस "भूभू कुठे?" म्हणत घरभर फिरली.

ती गेल्यावर मीच म्हटलं, "भाऊ, आणा त्याला परत."

ते गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसमधून एकटेच उतरले.

"तिथं तीन लेकरं हायेत, मास्तर. तो जेवून राह्यला होता, अन् तिघंही दूर बसून त्याचं जेवण व्हायची वाट पाहून राह्यले होते. मले पाहून शेपूट हालवली त्यानं. मंग गेला त्यायच्या मागं. कसा आणू?"

भाऊंनी चहा ठेवला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुमच्या बदलीचा कागद आला म्हणते लोकं. खरं हाय का?"

कागद सकाळीच आला होता, खिशातच होता.

"नाही अजून," मी म्हणालो.