रक्ताची परीक्षा

सशामागे धावणाऱ्या कारवानी कुत्र्यांत कुणाच्या घरचं रक्त अस्सल, हा शेजारच्या दत्तूअण्णांचा आणि त्यांच्या मेहुण्यांचा वाद ऐकून मला आता वीट आला आहे. काल त्यांनी सशाचं वाळलेलं कातडं दोरीला बांधलं आणि दोघांच्या पिल्लांसमोरून अंगणभर ओढलं. जे झडप घालेल आणि सोडणार नाही, ते खरं शिकारी. मेहुण्यांचं पिल्लू तुटून पडलं. अण्णांच्या पिल्लानं कातडं हुंगलं आणि त्याच मऊ केसांवर अंगाची मुटकुळी करून ते झोपलं.

"आईवर गेलंय. तिचंच रक्त पातळ," अण्णा चिडून म्हणाले. आई दारात बांधलेली होती, फासळ्या वर आलेली.

"देऊन टाका कुणाला तरी," मेहुणे हसले.

स्वतः उपाशी राहून धावायचं आणि तोंडातला घास दुसऱ्याच्या पायाशी आणून टाकायचं, याला ही माणसं खानदान म्हणतात.

अण्णांनी दोरीला हिसका दिला. पिल्लू कातड्यासकट फरफटत गेलं, तरी उठलं नाही. बघायला जमलेली माणसं मात्र ताडकन उभी राहिली. माना पुढे, तोंडं उघडी, सगळी एकाच वाणाची.