आधी जाळी, मग प्रसाद

आमच्या कारखान्यात कुणाचं बोट तुटलं की मालक सत्यनारायण घालायचे. थट्टा करत नाही. बिबवेवाडीच्या चढावर पत्र्याची एक लांबलचक शेड होती, आत ओळीने पॉवर प्रेस, आणि त्यांवर आम्ही स्कूटरचे बारीकसारीक भाग ठोकत असू. मी कसब्यातून सायकल हाणत जायचो. आणीबाणी उठून थोडीच वर्षं झाली होती. पायाखालचं पायडल दाबलं की वरचा साचा धाडकन खाली यायचा आणि पत्रा कापायचा. पत्रा कुठला आणि बोट कुठलं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग जखमी माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं, मशीन पुसायचं, त्याला लिंबू-मिरची बांधायची आणि येत्या शनिवारी पूजा. केळीचे खांब, गुरुजी, साजूक तुपातला शिरा. तुपात मालकांनी कधी हात आखडता घेतला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

कोपऱ्यातली प्रेस डबल मारायची. म्हणजे पायडल एकदाच दाबायचं, पण साचा दोनदा खाली यायचा. रोज नाही, मनात आलं की. पहिल्या ठोक्यानंतर आपण तयार माल काढायला हात आत घातलेला असायचा आणि तेवढ्यात दुसरा ठोका. क्लच झिजला होता, बाकी काही नाही. पण आमची मंडळी म्हणायची, तिच्या अंगात येतं. मालकही गंभीर चेहरा करून मान डोलवायचे. का नाही डोलवणार? अंगात आलेलं नारळावर भागतं, क्लच बदलायचा तर प्रेस बंद ठेवावी लागते.

युनियनचे अध्यक्ष आमच्यातलेच, फिटर होते. राहायला नारायण पेठेत आणि बोलणं पेठेला शोभेल असं, म्हणजे समोरच्याला चहा विचारला तरी भांडायला उठल्यासारखं वाटायचं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. शेडमध्ये प्यायच्या पाण्याचा नळ त्यांनी भांडून आणला, हातमोजे आणले, मलमपट्टीची पेटी आणली, संडासाला दार लावून घेतलं. त्याआधी दार नव्हतं, आम्ही आत बसून खाकरायचो. त्या दाराला आतून कडी लावून बसणारेच पुढे विचारायला लागले, युनियनने आपल्यासाठी केलंय काय? माणसाची जात ती. गरज सरो, वैद्य मरो.

त्या कोपऱ्यातल्या प्रेसवर माझा सोबती होता. शेतकरी घरातला. गाव शहरात आलं, जमीन बिल्डरकडे गेली आणि हा प्रेसवर आला. स्वारगेटपासून पुढे आम्ही रोज बरोबर सायकली मारायचो. बायकोने दिलेल्या डब्यातली अर्धी भाकरी तो न विचारता माझ्यापुढे सरकवायचा. एका दुपारी प्रेसने डबल मारलं आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी धावत जाऊन खटका पाडला. तो ओरडला नाही. खाली वाकून पत्र्याच्या कातरणात बघत राहिला आणि म्हणाला, "माझी बोटं हितंच कुटं तरी आसतील की रं." आज इतकी वर्षं झाली, ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने लिहिलेलं: शनिवारी श्रीसत्यनारायणाची पूजा, सर्वांनी तीर्थप्रसादास यावे.

त्याच संध्याकाळी भाऊंनी गेटवर सभा घेतली. म्हणाले, "देवाशी माझं भांडण नाही. माझ्या घरी दर श्रावणात पूजा असते, तुम्ही येऊन शिरा ओरपलेला आहे. पण प्रेसपुढे जाळी बसवा, हात आत जाणारच नाही अशी, हे मी दोन मालकांच्या कानीकपाळी ओरडलो. बापाच्याही आणि आता मुलाच्याही. या शनिवारी कुणी प्रसाद घ्यायचा नाही. आधी जाळी, मग प्रसाद."

डोकं बघा त्या माणसाचं. संप मालकांनी पचवला असता, त्यांना सवय होती. पण पूजेला बोलावलेल्या व्याही-पाहुण्यांसमोर शिऱ्याचं पातेलं भरलेलं राहणं त्यांना पचलं नसतं. सगळ्यांनी हात वर केले. पाया पडायचं, आणि प्रसाद न घेता मशीनवर जायचं, असं ठरलं. मोमीनपुऱ्यातला आमचा वेल्डर दर वेळी निमूट प्रसाद घ्यायचा. तो हसून म्हणाला, "इतकी वर्षं घेतला, आता नाही म्हणायला तुम्हीच सांगताय. बरं."

शनिवारी आम्ही शेडमध्ये शिरलो आणि पाटावर कोण बसलंय ते बघून सगळ्यांचे पाय जागीच थांबले. दर वेळी मालक आणि मालकीणबाई बसायचे. या वेळी पाटावर माझा सोबती होता, डोक्याला टोपी, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. शेजारी त्याची बायको, लग्नातल्या शालूत. उपरण्याला गाठ बांधलेली. मालक बाजूला हात जोडून उभे. म्हणाले, "आज यजमान हे. माझ्या कामगाराला मी घरचा मानतो."

गुरुजी सांगतील तसं तो डाव्या हाताने करायला गेला. गुरुजी म्हणाले, "अहो, उजवा. आणि वहिनी, तुम्ही त्यांच्या हाताला हात लावा." तिने पट्टीला बोट लावलं. ते इतकं अलगद होतं की आम्ही सगळेच दुसरीकडे बघायला लागलो.

आरती झाली आणि प्रसाद वाटायला तीच उठली. आता सांगा, काय करणार? ज्याची बोटं गेली त्याचीच पूजा, आणि त्याच्याच बायकोच्या हातचा शिरा. वेल्डरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनीही हात पुढे केले. तिच्या हातचा प्रसाद नाकारायची माझी छाती नव्हती, आजही होणार नाही. एकेक करून सगळ्यांनी घेतला. मालक बघत होते आणि मान खाली घालून हसू लपवत होते. ते मी पाहिलं.

ती भाऊंसमोर आली. त्यांनी हात मागेच ठेवले. आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "वहिनी, जाळी बसली की तुमच्या घरी येऊन मागून घेईन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं! जे त्या बोटांवर गप्प बसले होते ते या पाण्यावर पेटले. प्रसादाला नाही म्हटलं, बाईला रडवलं, आता कुणाचं तरी वाईट होणार. प्रेसला कुणी शिव्या दिल्या नाहीत, मालकांना दिल्या नाहीत. सगळं भाऊंच्या माथी. युनियनच्या पुढच्या निवडणुकीत ते पडले. आले ते कुणाचे हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यांच्या मागणीपत्रात दिवाळीला स्टीलचा डबा होता, शेडमध्ये देव्हारा होता, जाळी नव्हती. देव्हारा लगेच बसला. भाऊंवर शिस्तभंगाचा ठपका ठेवून त्यांना काढलं, आणि नव्या युनियनने ब्र काढला नाही. माझ्या सोबत्याला गेटवर पहारेकरी केलं. त्यालाही वाटलं, पूजा फळली.

वर्ष उलटलं असेल. सकाळची पाळी सुटली होती आणि मी सायकल घेऊन गेटपाशी आलो तर बाहेर भाऊ उभे. दाढी वाढलेली, खांद्याला तीच झोळी. आत जाऊन मालकांना भेटायचं म्हणत होते. माझा सोबती खाकी कपड्यात त्यांच्यासमोर आडवा उभा होता, तीन बोटांचा हात पुढे धरून.

"भाऊ, आत न्हाई सोडता येत. साह्येबांचा हुकूम हाय."

"नका सोडू. नोकरी सांभाळा," भाऊ म्हणाले. "तेवढं सांगा, कोपऱ्यातल्या प्रेसला जाळी बसली का?"

त्याने हात खाली घेतला. "न्हाई."

"मग?"

"सनवारी पूजा हाय."

भाऊंनी शेडकडे बघितलं. काय झालंय ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी विचारलं, "या खेपेस जोडीने कोण बसतंय?"

माझ्या सोबत्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"त्या प्रेसवरचा नवा पोरगा. येकटाच बसनार हाय," तो म्हणाला. "लगीन ठरलं व्हतं त्याचं."