बाबांचं इंजिन आणि डिस्कचा मालक

तपासणीत डोळ्यांना लांबचं दिसत नाही असं ठरलं आणि आगगाडीचे ड्रायव्हर असलेल्या बाबांना इंजिनावरून उतरवून रेल्वेच्या ऑफिसात टेबलावर बसवलं. पगार तोच, डोक्यावर पंखा, रात्रीबेरात्री ड्युटीचं बोलावणं नाही. नातेवाइकांनी चक्क अभिनंदन केलं. बाबांनी मात्र त्या दिवसापासून बोलणंच टाकलं. विजय नगरच्या आमच्या घरात त्यांचा सगळा संसार ‘अच्छा’ आणि ‘चलो’ या दोन शब्दांवर चालायला लागला. मला त्याची भीती वाटायची.

म्हणून मी कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा गेम घेतला. पडदा हातभर अंतरावर असतो, तेवढं त्यांना स्वच्छ दिसायचं. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं आणि वापरणारा उगाच हुशार दिसतो. गेमला जागा पुरेना, तेव्हा जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून यात बसवली. रविवारी सकाळी बाबांना शेजारी बसवून मी बटण दाबलं. उत्तर आलं, परवानगी नाही.

कॉम्प्युटर माझा, डिस्क माझी, विजेचं बिल मी भरते, आणि मालक निघाला कोणी ‘रूट’. हा लिनक्समधला सर्वेसर्वा. दिसत कधीच नाही, पण सातबारा त्याच्या नावावर. मी केंद्र सरकारच्या कचेरीत काम करते, अशा साहेबांची मला सवय आहे. मी त्याच्याच अधिकारात हुकूम सोडला की या डिस्कवर सगळ्यांना सगळं करायची मुभा आहे. हुकूम बिनबोभाट निघाला. गेम बसवायला गेले, तर परवानगी नाहीच. आमच्याकडची परिपत्रकंही अशीच निघतात, तेव्हा मला नवल वाटायला नको होतं. तरी मी टेबलावर हात आपटला.

“काय करून राहिली?” बाबांनी विचारलं.

“डिस्क मला मालक मानून नाही राहिली, बाबा.”

“अच्छा,” म्हणून ते उठायला लागले.

“बसा ना जी जरा!” आई स्वयंपाकघरातून ओरडली. ते बसले.

बरीच शोधाशोध केल्यावर कळलं की ती डिस्क विंडोजसाठी तयार केलेली, तिच्यावर माझा हुकूम चालणारच नव्हता. तिला जोडतानाच मालक कोण ते सांगावं लागतं. मी ती सोडवली, माझं नाव सांगून पुन्हा जोडली, आणि गेम मुकाट्यानं बसला. काम एका ओळीचं होतं. तेवढ्यासाठी सकाळ गेली आणि पोहे गार झाले.

बाबांनी कीबोर्डकडे बघून तोंड वाकडं केलं. “हे कायचं इंजिन?”

पण त्यांच्या बोटाखाली गाडी हलली तसे ते ताठ झाले. स्टेशन मागे पडलं. पुढे सिग्नल दिसला, आणि बाबांनी एकदम हात वर करून आरोळी ठोकली, “सिग्नल हिरवा!”

मग माझ्याकडे बघितलं. मी नुसती हसले. त्यांनी गाडी हळू करत थांबवूनच टाकली.

“काहून थांबले? हिरवा आहे ना,” मी म्हटलं.

“तू कुठं बोलली?” बाबा म्हणाले. “मी बोललो की इंजिनातल्या सहायकानं स्वतः पाहून तेच परत म्हणायचं असते. एका माणसाच्या डोळ्यांवर गाडी नाही सोडत, बेटा. माझे डोळे चांगले होते तेव्हाही नव्हतो सोडत.”

इतके महिने मी त्यांना उगी राहू दिलं होतं, आणि त्यांना कुणीतरी नुसतं शेजारी उभं राहून सिग्नल बघायला हवं होतं. मी हात वर करून कसंबसं म्हटलं, “सिग्नल हिरवा.”

“जोरात!” बाबा खेकसले. “इंजिनात इतकंसं ऐकू येते का?”

किती दिवसांनी ते माझ्यावर खेकसत होते. मी शेजाऱ्यांची पर्वा न करता गळा फाडून ओरडले, आणि बाबांनी गाडी सोडली.