जालन्याला येणाऱ्या सांध्यांच्या डॉक्टर

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी बोटं सकाळी वळेनाशी झाली. मी परतूरजवळच्या आष्टीत अंगणवाडी चालवते. मुलांना खिचडी वाढताना पळी हातातून निसटायची. उन्हं वर आली की बोटं सैल व्हायची, त्यामुळं दुपारी कुणाला सांगितलं तर ते खरं वाटायचं नाही. घरात म्हणायचे, वात आहे, बाळंतपणात वारं लागलं असेल. निरगुडीच्या पाल्यानं शेकलं, परतूरला सुया घेतल्या. सुईनं काही दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

शेवटी जालन्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बोटं दाबून पाहिली आणि सरळ सांगितलं की हे माझं काम नाही, सांध्यांच्या आजाराचा डॉक्टर वेगळा असतो, त्यासाठी पुण्याला जा. असा वेगळा डॉक्टर असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुण्यात रक्त तपासलं. आपल्याच शरीराची रोगाशी लढायची ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते, असा हा आजार. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी मिळाली. परतूरच्या मेडिकलवाल्यानं ती मागवून दिली खरी, पण देताना माझ्या नवऱ्याला हळूच सांगितलं की ही कॅन्सरची गोळी आहे. नवरा त्या दिवशी जेवला नाही. आम्ही दोघांनी ठरवून गोळी बंद केली. पुणं लांब, विचारायचं कुणाला? त्या हिवाळ्यात माझ्या दोन्ही हातांची बोटं एका बाजूला कलली. ती अजून तशीच आहेत.

पुढं कळलं की संभाजीनगरला अशाच एक डॉक्टर बसू लागल्यात आणि महिन्यातून एकदा जालन्यातही येतात. मी गेले तेव्हा बाकड्यावर जागा नव्हती. बायकाच जास्त होत्या. सगळ्यांच्या हातांकडं पाहून मला कसंतरीच झालं, आणि धीरही आला. धावड्याहून आलेल्या एका बाईनं माझी पाण्याची बाटली न विचारता घेतली आणि दोन तळव्यांत धरून उघडून दिली. म्हणाली, "बोटांनी न्हाई होत. तळव्यांनी होतंय."

डॉक्टरांनी गोळीचं नीट समजावलं. कॅन्सरला ती मोठ्या प्रमाणात देतात, मला अगदी थोडी होती. रक्त वेळोवेळी तपासून घ्यायचं, बस. नवऱ्यानं दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं.

गोळी पुन्हा सुरू करून माझं दुखणं आवरल्यावर आमच्या गल्लीतली एक नवी सून अंगणवाडीच्या दारात आली. तिलाही सकाळी घागर उचलवत नव्हती. तिच्या सासूचं म्हणणं होतं की पोरगी काम टाळती, दुपारी बघा कशी तुरुतुरु चालती. मी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि माझे दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले.

"काकू, माझं वेळेवर झालं न्हाई म्हणून हे असे झाले. हिचे अजून बराबर हाईत. मला हिला जालन्याला नेऊ द्या."

काकूंनी माझी बोटं धरून एकेक करून पाहिली. मग म्हणाल्या, "मंग मी बी येते."

तपासणीत तोच आजार निघाला. डॉक्टरांनी आधी मुलाबाळांचा विचार आहे का ते विचारलं. आहे म्हटल्यावर माझी गोळी पोटातल्या बाळाला बाधते, तिला चालणार नाही म्हणाल्या आणि दुसरी दिली. तिनं मान खाली घालून विचारलं, "मला लेकरू होईल ना?" होईल, फक्त मला विचारून ठरवा, असं त्यांनी काकूंच्या देखत सांगितलं. परतताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून रडली. काकूंनी तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

तिला गेल्या वर्षी मुलगी झाली. तिचे हात सरळ आहेत. डॉक्टर आता जालन्याला पंधरा दिवसांनी येतात, आणि परतूरचे डॉक्टर सुई द्यायच्या आधी रक्त तपासायला सांगतात. मागच्या खेपेला काकूंनी आपले गुडघेही दाखवून घेतले. डॉक्टर म्हणाल्या, ही वयाची झीज आहे, यांच्यासारखा आजार तुम्हाला नाही. काकू बाहेर येऊन मला म्हणाल्या, "नीट बघितलंच न्हाई त्यांनी."